चौदा महिने

बाहेरच्या माणसाला आमच्या बुलढाणा जिल्ह्याची ओळख करून देताना आम्ही अभिमानाने तीन नावे घेतो : जिजाऊंचे सिंदखेड राजा, गजानन महाराजांचे शेगाव आणि उल्केच्या आघाताने झालेले लोणारचे सरोवर. चौथी ओळख आम्ही होऊन सांगत नाही, ती समोरचाच सांगतो. १ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे विशेष साहाय्य जाहीर केले. त्या सहांत अमरावती, अकोला, यवतमाळ, वर्धा आणि वाशीम यांच्या पंक्तीला बुलढाणाही होता. तेव्हापासून वर्तमानपत्रांत आमच्या जिल्ह्याच्या नावाआधी 'आत्महत्याग्रस्त' हे विशेषण येऊन बसले आहे.

मी त्या काळी चिखली तालुक्यातील एका खेड्यात शिक्षक होतो. अशा घरी सांत्वनासाठी जाण्याचा प्रसंग मला अनेकदा आला. ओसरीवर बसलेली माणसे हलक्या आवाजात एकच प्रश्न विचारीत : कर्ज किती होते? आकडा कळला की माना हलत, जणू गणित सुटले. तो मनुष्य रात्री झोपत होता का, जेवत होता का, गेल्या महिन्याभरात कोणाशी मोकळेपणाने बोलला होता का, हे विचारताना मी कोणाला ऐकले नाही आणि मीही कधी विचारले नाही. कर्ज खोटे नव्हते. परंतु त्या एका आकड्याकडे पाहण्याची आमच्या डोळ्यांना इतकी सवय झाली की, ज्या घरात कर्ज नाही त्या घरातही मनाचा आजार वाढू शकतो हे आम्हाला दिसेनासे झाले. असे एक घर माझेच निघाले, म्हणून हे लिहीत आहे.

२०२३ च्या नोव्हेंबरअखेर अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या पट्ट्यात अनेक शेतकरी शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बीजोत्पादन करतात. लोखंडी सांगाडा, त्यावर जाळी, आत मिरची-टोमॅटोची रोपे आणि फुलाफुलावर हाताने केलेले परागीकरण, असे हे नाजूक काम असते. माझ्या मेव्हण्याने बँकेचे कर्ज काढून असे एक शेडनेट उभारले होते. गारांनी एका रात्रीत जाळीच्या चिंध्या केल्या. त्यानंतर तो वावरात जाईनासा झाला. पारावर जाई, मित्रांत बसे, पण मध्येच उठून घरी येई. गावातील आशाताईंच्या हे लक्षात आले. त्यांनी त्याच्या बायकोला बाजूला घेऊन सांगितले की, यांना बुलढाण्याला जिल्हा रुग्णालयात दाखवा, तिथे मनाच्या आजाराचा वेगळा विभाग आहे. गारपिटीला सात आठवडे होत नाहीत तोच, जानेवारी २०२४ मध्ये, मेव्हणा उपचाराला निघाला. मी चार बुके शिकलेला, निवृत्त मुख्याध्यापक, म्हणून सोबतीला मला बोलावणे आले. भावाच्या काळजीने माझी पत्नीही निघाली. ती त्या दिवशी आली नसती तर काय झाले असते, हा विचार मी अद्याप शेवटपर्यंत नेऊ शकलेलो नाही.

तिथल्या लांब बाकावर आम्ही चौघे बसलो. समुपदेशनाचे काम करणाऱ्या एका तरुण ताईंनी मेव्हण्याला समोर बसवले आणि नऊ प्रश्न विचारले. ही प्रश्नावली क्रोएन्के, स्पिट्झर आणि विल्यम्स या अमेरिकन अभ्यासकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केली आणि ती आता जगभर वापरली जाते, हे मला पुढे कळले. तिचे नाव पी.एच.क्यू.-९. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही असे किती दिवस झाले? उदास वाटले? झोप, थकवा, भूक? आपण कुचकामी आहोत, घरच्यांना आपल्यामुळे खाली पाहावे लागले असे वाटले? वाचण्या-ऐकण्यात लक्ष लागले नाही? हालचाल मंदावली, किंवा उलट एका जागी बसवेना असे झाले? आणि नववा प्रश्न, मरून गेलेले बरे असे वाटले का? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. पाचच्या आत काळजीचे विशेष कारण नाही, दहापासून मध्यम, पंधरापासून बरेच तीव्र, वीस व त्यापुढे तीव्र. जन्मभर मुलांना गुण देत आलो, पण जितके अधिक तितके वाईट अशी परीक्षा मी प्रथमच पाहत होतो.

मेव्हण्याला बारा गुण पडले.

"काय सांगू ताई, वावराकडं पाहूच वाटत नाही," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी मधूनमधून त्याची उत्तरे दुरुस्त करीत होतो. ताईंनी मला दोनदा थांबवले. मग त्यांची नजर माझ्या पत्नीकडे गेली. ती पदराचे टोक बोटाला गुंडाळीत आणि सोडवीत बसली होती. ताईंनी सहज विचारावे तसे विचारले, "बाई, तुम्हाला झोप लागते का?"

ती बराच वेळ बोलली नाही. मीच उत्तर देण्यासाठी तोंड उघडले होते, तेवढ्यात ती म्हणाली, "नाही लागत. चौदा महिने झाले."

तिने मोजले होते. तीस वर्षांहून अधिक काळ एका छपराखाली राहणाऱ्या मला त्यातला एक महिनाही मोजता आला नव्हता. ताईंनी मला अदबीने सांगितले, "सर, तुम्ही जरा बाहेर बसता का?" मी बाहेर मेव्हण्याच्या शेजारी जाऊन बसलो. अर्ध्या तासाने मला आत बोलावले तेव्हा कागदावर एकवीस हा आकडा होता.

मी हादरलो, आणि खरे सांगायचे तर थोडा दुखावलोही. ज्याचे शेडनेट गेले, ज्याच्या डोक्यावर बँक बसली आहे, त्याला बारा. आणि जिच्या घरी दरमहा निवृत्तिवेतन येते, नवरा दारूला शिवत नाही, दोन्ही मुली सुस्थळी पडल्या आहेत, रोज सायंकाळी कुटुंबप्रार्थना होते, तिला एकवीस? मी तसे डॉक्टरांना बोलूनही दाखवले. डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढ्या असतील. त्या म्हणाल्या, "सर, हे दुःख मोजायचं यंत्र नाही. आजार किती खोल गेलाय तेवढंच यातून कळतं. तो खोल का गेला, ते शोधायला मागे जावं लागतं." आणि त्या मागे गेल्या.

माझी पत्नी नऊ वर्षांची असताना तिची आई बाळंतपणात गेली. ते बाळ म्हणजेच हा मेव्हणा. पुढे वडिलांनी घरात लक्ष घातले नाही, आणि त्या नऊ वर्षांच्या मुलीने भावाला अंगाखांद्यावर वाढवले. ही हकिगत मी कौतुकाने सर्वांना सांगत असे. डॉक्टरांनी ती ऐकली आणि विचारले, "भावाला ताई मिळाली. ताईला कोण मिळालं?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. घरी आल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. त्यात जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांचा केलेला, १९७८ साली ग्रंथरूपाने आलेला अभ्यास भेटला. संकट आले असता कोणत्या स्त्रिया नैराश्यात जातात याचा शोध घेताना त्यांना चार गोष्टी ठळक दिसल्या : अकरा वर्षांच्या आत आई गमावणे, पदरात चौदा वर्षांखालील तीन किंवा अधिक मुले असणे, घराबाहेर काही काम नसणे आणि मनातले सांगावे असे जवळचे माणूस नसणे. पुढच्या संशोधनात असेही दिसले की, आई जाण्याइतकेच, ती गेल्यावर मुलाची काळजी कोणी व कशी घेतली याला महत्त्व आहे. एकाच आईच्या मृत्यूने पोरकी झालेली दोन भावंडे त्या बाकावर बसली होती. पण त्यांतले एकच पोरके राहिले होते.

दुसरी गोष्ट आमच्या धाकट्या मुलीच्या जन्मानंतरची. १९९५ साली ती झाली, आणि त्यानंतर चार-पाच महिने माझी पत्नी भिंतीकडे तोंड करून पडून असे. बाळ रडले तरी उठायला तिला वेळ लागे. "दुसरी पण मुलगी झाली म्हणून रुसली आहे," असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणाली, आणि मीही तेच खरे मानले. तो आजार होता, हे मला एकोणतीस वर्षांनी कळले. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७० मातांचा अभ्यास केला होता. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी त्यांतील शंभरात तेवीस जणी नैराश्यात आढळल्या. गरिबी, पतीशी बिघडलेले संबंध आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे, हे घटक त्यामागे दिसले. म्हणजे रुसवा खराही असेल, पण रुसले होते ते घर, ती नव्हे. हा आजार एकदा येऊन गेला की पुन्हा येण्याची शक्यता राहते. पहिल्या खेपेनंतर जवळजवळ निम्म्या लोकांना तो पुन्हा गाठतो. पहिल्या खेपेला त्याचे नावही कोणी घेतले नसेल तर दुसऱ्या खेपेला त्याला ओळखणार कोण?

रक्ताच्या तपासणीत तिची थायरॉईड ग्रंथी मंदावल्याचे आढळले. तिला सतत थंडी वाजे, अंग जड होई, केस गळत. हे सर्व वयाच्या माथी मारून आम्ही मोकळे झालो होतो. थायरॉईडचा विकार नैराश्यासारखी लक्षणे निर्माण करतो आणि असलेले नैराश्य वाढवतोही. म्हणून डॉक्टर मनाची औषधे लिहिण्यापूर्वी ही तपासणी करून घेतात. तालुक्याच्या गावी आम्ही एका दवाखान्यात गेलो होतो. तिथे ही तपासणी झाली नव्हती, ताकदीचे टॉनिक आणि झोपेच्या दहा गोळ्या मिळाल्या होत्या. त्याचा राग मी फार दिवस बाळगला. पण राग धरताना मला एक गोष्ट सोयीस्करपणे विसरायची असे : तिथेही तिच्या वतीने मीच बोललो होतो.

या सर्वांपेक्षा जड गोष्ट मला घरी परतल्यावर कळली.

धाकटीचे लग्न होऊन ती पुण्याला गेली, ते नोव्हेंबर २०२२ मध्ये. त्यानंतर माझी पत्नी पहाटे तीनला उठू लागली. मला अर्धवट जागेत दिसे की ती अंधारात जपमाळ हातात धरून बसली आहे. मला धन्य वाटे. रविवारी मिस्सेनंतर मी हे दोघा-चौघांना सांगितलेही, आणि आमच्या लहानशा धर्मग्रामात तिच्या भक्तीची चर्चा झाली. पहाटे फार लवकर जाग येणे आणि मग झोप न लागणे हे तीव्र नैराश्याचे एक लक्षण आहे, हे मला ठाऊक नव्हते. बुलढाण्याहून परतल्या रात्री तिने सांगितले, "माळ धरून बसायची मी, पण म्हणत नव्हते. म्हणवतच नव्हतं. देवाला फसवतेय असं वाटायचं."

मग ती म्हणाली, "अहो, मी तुम्हाला सांगितलं होतं."

सांगितले होते. २०२३ च्या उपवासकाळात ती पापनिवेदनाला गेली होती. पापनिवेदनात काय घडले हे धर्मगुरू कोणाला सांगत नाहीत. पण पश्चात्ताप करणारा स्वतः ते सांगू शकतो, आणि तिने त्या संध्याकाळी मला सांगितले होते. ती म्हणाली होती की, मी तीच तीच जुनी पापे पुन्हा सांगितली तेव्हा फादर म्हणाले, बाई, याची क्षमा केव्हाच झाली आहे. हे जे तुम्हाला वाटते आहे ते पाप नाही, आजार असू शकतो. तुम्ही डॉक्टरांना भेटा. मी तेव्हा वर्तमानपत्र वाचीत होतो. मी जे उत्तर दिले ते मला शब्दशः आठवते : "फादर तरुण आहेत. तू जपमाळेत खंड पडू देऊ नकोस, होईल सगळं ठीक."

त्यानंतर ती दहा महिने गप्प राहिली.

ब्राउन आणि हॅरिस यांच्या चार गोष्टींतील शेवटची मी वाचली, तेव्हा मनातले सांगावे असे माणूस नसणे म्हणजे एकटे राहणे, विधवा असणे, नवऱ्याने टाकलेली असणे, असे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आले होते. भरल्या घरातही ते माणूस नसू शकते. मेव्हण्याचे पाहा. त्याची बायको त्याला रागावते, भांडते, पण रात्री दोघे बोलतात. पारावर त्याच्यासारखेच गारपिटीने झोडपलेले चार मित्र आहेत. आशाताईंची दारावरून ये-जा आहे. त्याचे दुःख गावाला ठाऊक होते, त्याला नाव होते, ते सांगताना त्याला लाज वाटावी असे त्यात काही नव्हते. माझ्या पत्नीच्या दुःखाला नावच नव्हते. "तुम्हाला काय कमी आहे?" असे जिला सर्वजण विचारतात, तिने आपले दुःख कोणत्या तोंडाने सांगावे? तो सात आठवड्यांत दवाखान्यात पोहोचला. तिला चौदा महिने लागले, आणि तेही भावाच्या निमित्ताने. आजार आधी खोल गेला म्हणून तिने तोंड मिटले, की तोंड मिटावे लागले म्हणून तो खोल गेला, हे वेगळे करून दाखवता येणार नाही. दोन्ही एकमेकांना ओढीत नेतात, असे डॉक्टर म्हणाल्या.

परंतु बारा गुणांचा मनुष्य सुरक्षित, असे मात्र कोणी समजू नये. डॉक्टरांनी माझ्या पत्नीची चौकशी सावकाश केली. मेव्हण्याला मात्र एक प्रश्न तडक विचारला : "फवारणीचं औषध घरात कुठे ठेवता?" तो म्हणाला, "खाटेखाली." त्यांनी त्याच्या बायकोला बजावले की, आज घरी गेल्यावर पहिले काम हे. डबा घराबाहेर, कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याकडे. मरणाचा विचार पुष्कळदा एका लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या घटकेला हाताशी काय आहे यावर सर्व अवलंबून असते. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, आणि पुढील वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरले. तिथल्या लोकांची दुःखे काही सत्तर टक्क्यांनी उतरली नव्हती. आमच्या खेड्यांत आजही फवारणीचा डबा खाटेखाली, फळीवर, धान्याच्या कोठीमागे असतो.

आमची शेजारीण, एक प्रेमळ म्हातारी, मध्यंतरी मला म्हणाली होती, "मास्तर, बाईला एकदा सैलानीला नेऊन आणा." आमच्याच जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते आणि मनाने आजारी असलेली माणसे दूरदुरून तिथे आणली जातात. मी त्या म्हातारीला हसलो होतो. माझे शिक्षण आणि माझा धर्म या दोहोंचा त्या हसण्यात गर्व होता. पण त्याच महिन्यात मी पत्नीला दूरच्या एका प्रार्थनाशिबिराला घेऊन गेलो होतो. तिथे एका प्रवचनकाराने उदासीनता म्हणजे श्रद्धेचा अभाव, असे ठासून सांगितले. तिने ते खाली मान घालून ऐकले, आणि तिच्या अपराधी भावनेत आणखी एका अपराधाची भर पडली. म्हातारी निदान तिला दोष देत नव्हती.

प्रार्थनेचे मोल मी कमी करीत नाही. पण राजांच्या पहिल्या ग्रंथातील एलियाची कथा मी शेकडो वेळा शिकवली आणि तिच्यातील एक तपशील मला कधी दिसला नव्हता. रतामाच्या झुडपाखाली बसून तो मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करीत नाही. भाकर देतो, पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, आणि पुन्हा उठवून खाऊ घालतो. पुढचा प्रवास त्यानंतरचा. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतीत सांगितले होते की, अर्जेंटिनातील लष्करी हुकूमशाहीच्या काळात ते सहा महिने एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे जात होते. हे मी आमच्या शेजारणीला सांगितले. ती म्हणाली, "मग तुम्ही का इतका उशीर केला?"

उशीर आम्ही एकट्यांनीच केला असे नाही. बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की, आजार कोणता यानुसार मनाच्या आजाराच्या शंभर माणसांपैकी सत्तर ते ब्याण्णव जणांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. आमच्याच महसूल विभागात, अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत, 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातील साध्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन या आजाराविषयी बोलायचे, अशी त्याची रीत होती. आरंभी नैराश्य असलेल्या शंभरांतील जेमतेम चार जण मदत मागत. दीड वर्षात ती संख्या सत्तावीसवर गेली. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पारावर, ओसरीवर, विहिरीवर कोणीतरी या आजाराचे नाव मोठ्याने घेतले, एवढ्याने इतका फरक पडला.

औषधाने लगेच काही झाले नाही. पहिले तीन आठवडे तिला मळमळ होई, आणि मी पुन्हा शंका काढू लागलो. हे औषध लागू पडायला दोन ते चार आठवडे लागतात, असे बजावून ठेवलेले होते म्हणून टिकलो. समुपदेशक ताईंनी तिला रोजची लहान लहान कामे लिहून दिली. मन लागले की काम करू असे म्हणायचे नाही. काम आधी, मन मागून येईल. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच रीतीने बरेच तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना सहा ते आठ बैठकींत मदत देण्यात आली. मदत देणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली सामान्य माणसे होती. तीन महिन्यांनी त्यांतील चौसष्ट टक्के लोक आजारातून बाहेर आलेले आढळले. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण एकोणचाळीस टक्के होते. आमच्या घरी पहिले काम होते अंगणातील कोंबड्यांना दाणे टाकण्याचे. दुसरे, आठवड्यातून एकदा भावाला फोन करण्याचे. पाचव्या आठवड्यात एके सकाळी ती म्हणाली, "चहात साखर कमी पडली." चौदा महिन्यांत तिने कशाचीच चव सांगितली नव्हती. मी साखरेचा डबा आणायला उठलो आणि स्वयंपाकघरातच थोडा वेळ थांबलो.

मार्चमध्ये सतरा, जूनमध्ये आठ. मग बरे वाटते म्हणून आम्ही दोघांनी संगनमताने गोळ्या बंद केल्या. पावसाळा सरता सरता ती पुन्हा चौदावर गेली. बरे वाटू लागल्यावरही औषध कित्येक महिने घ्यायचे असते, आणि आधी एक खेप येऊन गेलेल्या माणसाने तर अधिक काळ, हे कागदावर लिहून दिलेले होते. तो कागद मी निवृत्तिवेतनाच्या फाइलीत व्यवस्थित लावून ठेवला होता. पुन्हा औषध सुरू केले. एका अवघड रात्री १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन लावला. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आहे. पलीकडून एक मुलगी मराठीत बोलली, आणि मी शिकल्याप्रमाणे फोन पत्नीच्या हाती देऊन बाहेर अंगणात जाऊन बसलो.

मेव्हण्याचे कर्ज आजही आहे. त्याने जाळी पुन्हा चढवली. त्याचे गुण आता चारच्या वर जात नाहीत. माझ्या पत्नीचे परवा पाच भरले. तो तिला चिडवतो, "ताई, एका मार्कानं मीच पुढं." ती म्हणते, "तू नेहमीच पुढं होतास रे."

गेल्या आठवड्यात मला पहाटे जाग आली. घड्याळात साडेचार झाले होते. ती उठून बसली होती आणि हातात जपमाळ होती. मी घाबरून उठलो आणि विचारले, "झोप नाही लागली का गं?"

"लागली. आत्ताच उठले. तुम्ही झोपा."

मी पडून राहिलो, पण डोळे उघडे ठेवले. खिडकीतून येणाऱ्या रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात मी तिच्या ओठांकडे पाहत होतो. ते हलत होते. एक दशक पूर्ण होईपर्यंत मी पाहत राहिलो.